रकाने कोण आखतं?



या अंकाचं संपादकीय डेटाबेसवर लिहायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्याच काहीजणींनी विचारलं, "याचा आपल्याशी काय संबंध? ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम." प्रश्न रास्त आहे. पोटगी, मारहाण, रेशन, मजुरी, जमिनीवरचं नाव हे आपले विषय. पण आज यातल्या कुठल्याही प्रश्नासाठी भांडायला गेलं की शेवटी आपण एका पडद्यापाशी येऊन अडतो. रेशन दुकानदार म्हणतो, "मशीनमध्ये नाव दिसत नाही." तलाठी म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." बँकेतला बाबू म्हणतो, "खातं आधारला जोडलेलं नाही, पैसे परत गेले." पूर्वी साहेबाला घेराव घालता यायचा. सिस्टीमला घेराव कसा घालायचा?

ही सिस्टीम म्हणजे काही दैवी शक्ती नाही. आत असतात तक्ते. प्रत्येक तक्त्यात रकाने आणि ओळी. एका माणसाची एक ओळ. आपलं नाव, वय, पत्ता, जात, खातं, जमीन हे सगळं अशा ओळींमध्ये मांडलेलं असतं. असे अनेक तक्ते एकमेकांशी जोडून ठेवले की त्याला डेटाबेस म्हणतात. १९७० साली एडगर कॉड या आयबीएम कंपनीतल्या गणितज्ञाने ही तक्त्यांची कल्पना मांडली आणि आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत बरंचसं जग तिच्यावर चालतं. कल्पना सोपी आहे. सोपं नाही ते एवढंच: रकाने कोणते असावेत, कोणता रकाना रिकामा ठेवला तर चालेल आणि कोणता चालणार नाही, हे कोणीतरी माणूस ठरवतो. एकदा ठरलं की तो त्या तक्त्यापुरता कायदाच होतो. रकाना सक्तीचा असेल तर तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तिथे अर्ज-विनंती चालत नाही, रडून उपयोग नाही.

आपल्या ओळखीचा असा एक रकाना म्हणजे 'वडिलांचे नाव'. एकट्या आईने वाढवलेल्या मुलीने पॅन कार्डासाठी अर्ज केला की हा रकाना तिच्यासमोर भिंतीसारखा उभा राहायचा. ज्या बापाने तोंडही पाहिलं नाही त्याचं नाव लिहिल्याशिवाय गत्यंतर नसायचं. आई ही एकटी पालक असेल तर वडिलांचं नाव सक्तीचं नाही, अशी दुरुस्ती आयकर नियमांत डिसेंबर २०१८ मध्ये झाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. किती वर्षांची मागणी, आणि किती साधी! एक रकाना वाढवणं आणि एका रकान्याची सक्ती काढणं.

उलटही होतं. 'लाडकी बहीण' योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा बाईच्या आधार क्रमांकासोबत पतीचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक मागितला गेला. मग ज्यांचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत त्यांनी काय करायचं? घटस्फोट झालेलीने कोणाच्या दारात जायचं? ओरड झाली, नोव्हेंबरमध्ये मुदत वाढली, अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं द्यावीत अशी सोय झाली. पण आधी रकाना आला आणि मग बाईची आठवण आली, हे लक्षात घ्या. रकाना आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाई होती ती कोणाची तरी बायको किंवा मुलगी. एकटी बाई त्याच्या मनातच आली नाही.

जनगणनेचं उदाहरण तर चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. शेतात राबणारी, गुरांचं करणारी, घरच्या धंद्यात हात लावणारी बाई 'काम करत नाही' म्हणून लिहिली जायची. स्त्री संघटनांनी आणि अभ्यासकांनी आग्रह धरला तेव्हा १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनमोबदल्याचं काम धरून' अशा अर्थाचे शब्द घातले गेले. कष्ट तेच होते. प्रश्न बदलला म्हणून ते कागदावर दिसण्याची शक्यता तरी निर्माण झाली.

म्हणून आम्ही म्हणतो की रकाने कोण आखतं, हा आपला प्रश्न आहे.

आता या कामातली श्रमविभागणी पाहू. तक्ते भरण्याचं काम बायका करतात, ते आखण्याचं काम बहुतेक पुरुष करतात. डेटा एन्ट्रीला मुली ठेवायच्या, कारण त्यांची बोटं चपळ असतात, त्या मान खाली घालून काम करतात आणि पगार कमी घेतात, हे आपण कितीदा ऐकलं आहे. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यातल्या मुली आणि गृहिणी कीबोर्डपर्यंत पोचल्या ही मोठी गोष्ट आहे. पण त्या पोचल्या पत्र टाईप करण्यापर्यंत आणि तयार तक्ता भरण्यापर्यंत. तक्ता मुळात कसा रचायचा, ती वाट त्यांना कोणी दाखवली नाही.

अंगणवाडी सेविकांचं तर काय सांगावं! गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन, प्रत्येक गरोदर बाईची नोंद, सगळं त्यांच्या हातून डेटाबेसमध्ये जातं. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. त्यावर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते, तापायचे, बंद पडायचे, आणि अ‍ॅप इंग्रजीत होतं. ज्यांच्या नोंदींवर देशाच्या कुपोषणाचे आकडे उभे राहतात त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. आणि ते अ‍ॅप बनवताना गावातल्या कोणा सेविकेचं मत विचारलं गेलं होतं, असं त्या अ‍ॅपकडे पाहून तरी वाटत नव्हतं.

मग बायकांना हे काम झेपत नाही का? इतिहास वेगळंच सांगतो. तक्त्यांची कल्पना कॉडची, पण ती व्यवहारात चालेल की नाही याविषयी सत्तरच्या दशकात फार शंका होत्या. तक्त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शंभर वाटा असतात. चुकीची वाट धरली तर उत्तर यायला तास लागतो, बरोबर धरली तर क्षणात येतं. कोणती वाट स्वस्त पडेल ते यंत्रानेच हिशेब करून ठरवावं, ही पद्धत आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. त्यांचा निबंध १९७९ चा. आजच्या बहुतेक डेटाबेसचा मेंदू त्याच पद्धतीवर चालतो. दोन शेगड्यांवर चौघांचा स्वयंपाक करताना आधी काय चढवायचं, काय मागून, याचा हिशेब आपण रोज करतो. सेलिंजर यांनी यंत्राला नेमकी तीच अक्कल शिकवली.

केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवून दिलं की शोध घेताना सगळीकडे आढळणाऱ्या शब्दाला कमी आणि क्वचित आढळणाऱ्या शब्दाला जास्त महत्त्व द्यावं. आजच्या शोधयंत्रांच्या पायातला तो एक दगड आहे. संगणकाचं काम इतकं महत्त्वाचं आहे की ते एकट्या पुरुषांवर सोडून चालणार नाही, असं त्या उघड म्हणत. आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेनिफर विडम यांनी २०११ साली आपला डेटाबेसचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून जगाला फुकट शिकवला. अमेरिकेत १९८४-८५ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये ३७ टक्के मुली होत्या. पुढे तोच आकडा २० च्याही खाली गेला. बायकांची बुद्धी काही वीस वर्षांत आटली नसणार! जग बदललं, दारं बंद झाली. गंमत म्हणजे ज्या फुकट डेटाबेसवर लाखो संकेतस्थळं चालतात त्या मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांची नावं त्यांच्या कर्त्याने आपल्या दोन मुलींवरून ठेवली आहेत, 'मी' आणि 'मारिया'. नावाला मुली आहेत. कामाच्या टेबलाशी त्या किती, हा प्रश्न राहतोच.

हे काम शिकतात कसं, ते आता पाहू, कारण खरी मेख तिथे आहे.

कॉलेजात तक्ते आखायचे नियम शिकवतात, परीक्षेपुरते. पण कोट्यवधी ओळींच्या तक्त्याने उत्तर द्यायला दहा मिनिटं घेतली तर काय तपासायचं, रात्री सर्व्हर बसला तर आधी कुठे हात घालायचा, जपून ठेवलेली प्रत परत चढवता येते की नाही याची खात्री कशी करायची, हे पुस्तकातून येत नाही. सुईणीचं ज्ञान जसं एकीच्या हाताखाली दुसरी तयार होऊन पुढे जातं, तसंच हे आहे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो दुसऱ्याला सांगतो. आणि या बिरादरीचं कौतुक केलंच पाहिजे, की ती सांगते. पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस जगभरातले लोक मिळून बांधतात आणि तो कोणालाही फुकट वापरता येतो. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस वापरणाऱ्यांची संघटना १९९९ साली निघाली, तिचं नाव पास. अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात नोव्हेंबर २००७ मध्ये पहिला 'एसक्यूएल सॅटर्डे' भरला. एक शनिवार, दिवसभर, कामावरचीच माणसं शिकवणार, शिकणाऱ्याला फी नाही. ती पद्धत पुढे देशोदेशी पसरली. आपली अभ्यासमंडळं आणि शिबिरं आठवा. जिला जे येतं ते तिने दुसरीला द्यायचं, हीच तर आपली रीत.

मग अडतं कुठे? दार उघडं आहे, फी नाही, सगळे या म्हणतात. अडतं ते वेळेपाशी. हा सगळा शिकण्याचा कारभार चालतो ऑफिस सुटल्यानंतर, शनिवारी, रविवारी आणि रात्री. शनिवार मोकळा असतो तो कोणाचा? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं आणि घरकामात हात लावणाऱ्या पुरुषाचा ९७. २०२४ च्या पाहणीत ते आकडे झाले २८९ आणि ८८. बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाची नऊ. मधलं अंतर जवळजवळ तेवढंच, दिवसाला तीन तासांहून जास्त. आठवड्याचे तेवीस तासांहून जास्त! एवढ्या तासांत माणूस एक नवा डेटाबेस शिकतो, परीक्षा देतो, सभेत भाषण करतो, चार ओळखी करतो आणि त्या ओळखींतून पुढची नोकरी मिळवतो. याला मग गुणवत्ता म्हणतात. त्या गुणवत्तेखाली कोणाच्या तरी बायकोचे, आईचे तीन तास गाडलेले असतात.

रात्रीचं तर आणखीच. डेटाबेसमध्ये मोठे बदल करायचे तर लोक वापरत नसतील तेव्हाच करावे लागतात, म्हणजे मध्यरात्री. बिघाड काही वेळ सांगून येत नाही, म्हणून पाळीपाळीने फोन उशाशी ठेवून झोपायचं असतं. या व्यवसायातल्या मैत्रिणींशी बोलताना हेच पुन्हा पुन्हा कानावर येतं: लग्न झालं, मूल झालं, की रात्रीची पाळी कोणी न सांगताच काढून घेतली जाते. वरकरणी सहानुभूती. पण डेटाबेस ज्याच्या हातात बिघडतो आणि दुरुस्त होतो तोच त्यातला जाणकार होतो. रात्र गेली की जाणकारी गेली, आणि ती गेली की बढती गेली. मग बाई रिपोर्ट काढण्याच्या, तपासणीच्या कामात राहते. तिथेच तिची वर्षं निघून जातात.

रात्रीच्या कामावर आपल्या चळवळीतही मतभेद आहेत, ते झाकून ठेवायचं कारण नाही. पुण्याने २००७ आणि २००९ मध्ये कामावर ये-जा करणाऱ्या तरुण मुलींवर बलात्कार आणि त्यांचे खून पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा गुन्हेगारांत गाडीचा चालक होता. त्यानंतर ज्या आईने मुलीला रात्रपाळी नको म्हटलं तिला मागासलेली कोण म्हणेल? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच आणि सुरक्षेची, वाहनाची सोय करूनच काम देता येतं. संमती हा शब्द चांगला आहे. पण घरी सोडणारी गाडी भरवशाची नाही, रात्री मुलाकडे बघायला कोणी नाही, अशा वेळी बाईने दिलेला नकार ही तिची इच्छा की नाइलाज? बायकांना रात्री नकोच, हे म्हणणं आम्हाला मान्य नाही. सगळ्यांना एकच नियम लावा, बाई-पुरुष बघू नका, हेही नाही, कारण घरी गेल्यावर दोघांना एकच नियम लागत नाही.

२०२० मध्ये करोना आला आणि सभा-परिषदा घरच्या पडद्यावर आल्या. ज्या बायकांना कधी शनिवारी बाहेर पडता आलं नव्हतं त्या पहिल्यांदा ऐकायला बसल्या. एका बाजूला भाषण, दुसऱ्या बाजूला कुकरची शिट्टी आणि मुलांची ऑनलाइन शाळा. काहीतरी मिळालं आणि ओझंही वाढलं. करोनाने परिषदांचं उत्पन्न बुडालं आणि 'पास' ही संघटना जानेवारी २०२१ मध्ये बंद पडली. शनिवारचे वर्ग मात्र लोकांनी पुन्हा उभे केले. पोस्टग्रेसच्या मंडळींनी २०१८ साली आचारसंहिता केली, त्रास झाला तर तक्रार कुठे करायची ते ठरवलं. हेही चांगलं पाऊल. पण आचारसंहिता दाराच्या आतल्या बाईला लागू होते. जी दारापर्यंत पोचतच नाही तिचं काय? आपण शिबिर घेताना पहिला प्रश्न विचारतो, मुलांना कोण बघणार? त्याशिवाय शिबिराची तारीख ठरत नाही. हा एक प्रश्न या बिरादरीने आपल्याकडून शिकायला हवा.

म्हणून आमचं मागणं स्पष्ट आहे. शिकणं हा नोकरीचा भाग आहे, तर ते नोकरीच्या वेळेत झालं पाहिजे, शनिवारच्या जिवावर नको. रात्रीच्या पाळ्या सगळ्यांना वाटून द्याव्यात, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळावी, भरवशाचं वाहन मिळावं. आणि मुलांच्या बापांनाही रात्री घरी राहण्याची मुभा मिळावी. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. ते कागदावरून खोलीत यावं. आणि कोणतीही सरकारी योजना पडद्यावर येण्याआधी तिचे रकाने लोकांसमोर ठेवले जावेत, विशेषतः ते भरणाऱ्या सेविकांसमोर आणि आशाताईंसमोर.

पण मागण्या करून आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या सल्ला केंद्रांत वर्षानुवर्षांच्या केसेसच्या वह्या पडून आहेत. किती जणी पहिल्या मारहाणीनंतर आल्या, किती दहा वर्षांनी. किती जणींच्या नावावर घर होतं, किती परत गेल्या, हे आपल्याला अंदाजाने माहीत असतं, आकड्यांनी सांगता येत नाही. डेटाबेस फुकट मिळतो आणि साधा संगणकही पुरतो. प्रत्येक संघटनेतल्या दोघी-तिघींनी हे शिकावं, आठवड्यातला एक कामाचा दिवस त्यासाठी राखून, बाकीच्यांनी त्यांची कामं वाटून घेऊन. बाहेरून एखादा हुशार मुलगा बोलावून तक्ता करून घेऊ नका. मग रकाने पुन्हा तोच आखेल. या व्यवसायातल्या मैत्रिणींनी आपला एखादा दिवस आम्हाला द्यावा, मराठीतून शिकवावं.

एक काळजी मात्र घ्या. केंद्रात आलेल्या बाईने विश्वासाने सांगितलेलं असतं. तिचं नाव आणि पत्ता वेगळ्या तक्त्यात ठेवा, कोण काय पाहू शकेल ते आधी ठरवा, आणि गरज नसेल तो रकाना ठेवूच नका. जात, धर्म, नवऱ्याचं नाव हे विचारण्याआधी एकमेकींना विचारा: हे आपल्याला कशासाठी हवं? सरकारला जो प्रश्न आपण विचारतो तो स्वतःलाही लागू आहे.

तुमच्या गावात, वस्तीत, ऑफिसात कोणत्या रकान्याने बाईला अडवलं ते आम्हाला लिहून कळवा. फॉर्मचं नाव लिहा, रकाना कोणता ते लिहा आणि त्याऐवजी काय असायला हवं तेही लिहा. पुढच्या अंकात ही सगळी पत्रं एकत्र छापू आणि ती घेऊन संबंधित खात्यांकडे जाऊ. सिस्टीमला घेराव घालता येत नाही हे खरं, पण ती आखणारी माणसं कुठे बसतात ते आता आपल्याला कळलं आहे.

— संपादक मंडळ